अप्पांच्या मुक्कामाचा सोफा

गाव सोडलं त्या पहाटे अप्पा गिरणीतच होते. अप्पा म्हणजे माझे वडील. माण तालुक्यातल्या आमच्या गावात एसटीचा थांबा आणि आमची पिठाची गिरण समोरासमोर. लेक शिकायला पनवेलला निघाली म्हणून गिरण बंद ठेवावी असं काही त्यांच्या मनात आलं नाही; आदल्या संध्याकाळपासून बायकांचे डबे रांगेला लागलेले. मी गाडीत चढले. आई खिडकीखाली उभी राहून पदराने डोळे पुसत होती, कंडक्टर घाई करत होता, तेवढ्यात अप्पा तसेच बाहेर आले. भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या, कानांवरचे केस पांढरे. पहाटेच्या त्या धुरकट उजेडात ते मला ओळखीचे आणि अनोळखी असे एकदमच वाटले. खिडकीशी येऊन त्यांनी एवढंच विचारलं, "बसाया मिळालं का?"

"मिळालं," मी म्हणाले.

"मग झालं," म्हणून ते परत आत गेले. दळण अर्ध्यात होतं. गाडी वळणावर गेली, देवळाचा कळस दिसेनासा झाला, तरी गिरणीचा आवाज येत राहिला. नंतर तो खरंच येत होता की नुसता माझ्या कानात उरला होता, हे मला आजही सांगता येणार नाही.

गावी राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखी पिशवी खांद्याला लावून निघून आलेल्यांनो, मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. माझ्याआधी आमच्यात कुणी कॉलेजचं फाटकसुद्धा आतून पाहिलेलं नव्हतं. हे मी नम्रपणे वगैरे सांगत नाही, चांगलं छाती पुढे काढून सांगते. खारघरच्या कॉलेजात बी.कॉम. झाले, आता द्रोणागिरीच्या एका गोदाम कंपनीत कंटेनरच्या कागदपत्रांचं काम बघते. माझी सही झाल्याशिवाय गेटमधून गाडी हलत नाही. पदवी मिळाली तेव्हा अप्पांना फोन केला. ते म्हणाले, "बरं झालं." नोकरी लागली तेव्हा मात्र त्यांनी नीट चौकशी केली, "खुर्ची हाय का? दिवसभर बसाया मिळतं न्हवं?" मिळतं म्हटलं. "मग झालं."

माझा बाप आयुष्यभर उभा राहिला. बसायचा तो फक्त झोपायला. हे ऐकायला विचित्र वाटेल, पण खरं आहे. दळण तोंडाशी ओतून झालं, की ते भिंतीला लावलेल्या पोत्यावर टेकायचे, पाठ भिंतीला, हात मांडीवर, आणि बसल्या बसल्या डोळे मिटायचे. पट्टा फडफडतोय, जातं घरघरतंय, बायका एकमेकींशी ओरडून बोलताहेत, आणि हा माणूस शांत झोपलेला. दाणे संपत आले की घरघर पातळ व्हायची, त्यासरशी त्यांचे डोळे उघडायचे. कुणी हाक मारावी लागत नसे. मी शाळेतून येऊन शेजारच्या पोत्यावर अभ्यास करायची. नुकतं दळलेलं पीठ अंगासारखं ऊन असतं. त्या उबेला टेकून मीही कितीदा झोपले असेन. आणि झोपेत असं वाटायचं, की सगळं गावच कुणीतरी हळूहळू हलवतंय, पाळण्यासारखं.

होस्टेलवर पहिले काही महिने मला झोप लागायची नाही. सगळ्या पोरी म्हणायच्या, इथे गोंगाट फार. मला तर ते फार शांत वाटायचं. मग मी पंख्याखालचीच कॉट मागून घेतली. जुना पंखा होता, चांगला घरघरायचा.

आता आमचं घर करंजाडेला. खिडकीतून कर्नाळ्याचा सुळका दिसतो, आणि अलीकडे त्याच्याकडे पाहता पाहता मधूनच एखादं विमान खाली उतरताना दिसतं, इतकं सावकाश की वाटतं ते आपल्याच गच्चीवर टेकणार. वन बीएचके. बेडरूममध्ये आम्ही दोघं, मी आणि प्रमोद, शिवाय आमची लेक मीरा. हॉल असा, की दारातून आत आलेल्या माणसाने चप्पल काढायला वाकलं तर त्याचा टीव्हीला नमस्कार होतो. पण घर आमचं आहे, आणि दारावरच्या पाटीवर दोघांची नावं आहेत. त्यात माझं वर. ते प्रमोदनेच तसं करून घेतलं.

गंमत अशी की पाटी काही असो, हे घर माझं आहे असं कुणी म्हणतच नाही. प्रमोदच्या आई चिरनेरला असतात. त्या शेजारणीला सांगतात, "चालली गो पोराच्या घरी." माझे अप्पा गिरणीत सांगतात, "जावायाकडं जाऊन आलो." घर एकच, एकीच्या लेखी पोराचं, दुसऱ्याच्या लेखी जावयाचं. मी मध्ये कुठेतरी, बहुतेक ओट्यापाशी.

आणि म्हणूनच अप्पा कधी मुक्काम करत नसत. आमच्याकडे बाप लेकीच्या सासरी राहत नाही. मीरा होईपर्यंत तर ते पाणीसुद्धा घेत नव्हते, दारातच उभे राहून आईने दिलेलं सामान आत सरकवायचे. नात झाली, मग जेवायला लागले. पण राहायचं म्हटलं की, "न्हाय. जावायाचं घर हाय." सकाळी यायचे, आमच्या बाजूची संध्याकाळची गाडी धरून रात्रभर हिंदकळत परत जायचे. आई येऊन आठवडाभर राहायची, तिला सूट होती. अप्पांना नाही, आणि ती त्यांनीच स्वतःला दिली नव्हती. मी एकदा चिडून म्हणाले, "हे सासर नाही अप्पा, माझं घर आहे. माझं नाव आहे दारावर." त्यांनी पाटीकडे पाहिलं. त्यांना वाचता येतं, सावकाश. बोटाने माझं नाव पुसल्यासारखं केलं, धूळ होती बहुतेक, आणि म्हणाले, "झ्याक काढलंय. गाडी किती वाजता?"

मागच्या वर्षी त्यांचे पाय सुजायला लागले. रात्रभर एसटीत पाय लोंबकळत ठेवून गेलं की दोन दिवस चप्पल चढायची नाही. आई फोनवर म्हणाली, "आता हे तुझ्याकडं यायचं बंद करणार बघ." मला ते फार लागलं. म्हणजे त्यांना माझ्याकडे येता येईल ते फक्त परत जाण्यापुरतं, आणि जाता येणार नसेल तर येणंही नाही. मी ठरवलं, एक रात्र का होईना, माझ्या बापाला माझ्या घरात पाय पसरून झोपवायचं.

पण पलंग मांडला असता तर ते उंबऱ्यातूनच माघारी फिरले असते. पलंग म्हणजे मुक्काम. खाली गादी घातली तर त्यांचे गुडघे उठू देत नाहीत. राहता राहिली एकच गोष्ट, जी दिवसा पलंग नसते. सोफा-कम-बेड.

आता हॉलमध्ये सोफा-कम-बेड घेताना सगळे एक चूक करतात, तो मिटलेला मोजतात. मी गोदामाच्या कामातली, मला जागेचा हिशेब कळतो. जुनी वर्तमानपत्रं घेतली आणि उघडलेल्या सोफ्याएवढी फरशीवर अंथरली. ती थेट टीव्हीच्या कपाटापर्यंत गेली. बाथरूमला जायची वाट बंद. तेव्हा सासूबाई आलेल्या होत्या, त्या येऊन त्या पेपरांवरच मांडी घालून बसल्या आणि म्हणाल्या, "बरा हाय की सोपा. पैसे पन नाय पडले." शेवटी टीव्ही भिंतीवर गेला, कपाट विकलं, टीपॉय शेजारच्यांना दिला. हॉल एकदम मोठा दिसायला लागला. मीरा म्हणाली, असाच ठेवूया ना, काहीच नको घ्यायला.

जुन्या पनवेलच्या बाजारात मी, प्रमोद आणि सासूबाई अशी आम्ही तिघं दुकानं फिरलो. एका ठिकाणी पाठ मागे पाडून सपाट होणारा होता. छान होता, पण त्यासाठी बसलेल्याला उठवावं लागतं. उठवलं की अप्पा जागे होणार, जागे झाले की गाडी आठवणार. दुसरा लाकडी, इतका जड की उघडताना दोघांचा आवाज निघेल. तिसऱ्याला खालून एक चौकट चाकांवर पुढे सरकत येत होती, आणि तिच्यावर गादीची घडी उलगडायची. वरचा बसलेला माणूस वर तसाच.

"प्रमोद, बस यावर," मी म्हणाले. "डोळे मिट. मान टाक मागे."

"इथे? दुकानात?"

"बस म्हणते ना."

तो बसला. मी सेल्समनला म्हणाले, आता उघडा. तो बघतच राहिला. "मॅडम, बंदे के साथ कौन खोलता है? पहले उठना पडता है ना."

"आमच्याकडे बसलेल्या माणसासकट उघडतात," मी म्हणाले. "हळू. त्यांना जाग नाही आली पाहिजे."

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "ह्यो सोपा हाय का खाट हाय, ता पयलं एक ठरव गो बाय. आनि माज्या पोराला कशाला झोपवतेस सगल्यांदेखत?"

सेल्समनने चौकट ओढली. चाकं जरा कुरकुरली. मी प्रमोदचे पाय उचलून गादीवर ठेवले. त्याने एक डोळा किलकिला केला आणि म्हणाला, "लागत नाही काही कुठे. घे." तोच घेतला. चाकांना घरी आल्यावर तेल घातलं.

अप्पा आले ते एका रविवारी, दळलेली बाजरी आणि शेंगा घेऊन. सोफा मिटलेला, वर नुसती चादर. त्यांनी तो हाताने दाबून पाहिला. "नवा घेतला व्हय?" म्हणाले. "बसा की अप्पा," मी म्हणाले. ते कडेला बसले, एसटीच्या सीटवर बसतात तसे, पिशवी मांडीवर. प्रमोदने ती अलगद काढून घेतली. जेवणं झाली. पाय सुजलेलेच होते, पण त्याबद्दल कुणी काही बोललं नाही. दुपारी ते परत तिथेच टेकले. "गाडीच्या येळंला हाक मार बरं," म्हणाले. मी हो म्हणाले.

तेवढ्यात मी मशीन लावलं. त्यात काही डाव नव्हता, रविवारचे कपडे होतेच. आमचं वॉशिंग मशीन हॉलला लागूनच, बाथरूमच्या तोंडाशी आहे. ते घरघरायला लागलं, आणि मी हात पुसत बाहेर येऊन बघते तर अप्पांची पाठ सोफ्याला, हात मांडीवर, डोळे मिटलेले. तसेच. पोत्यावर बसायचे अगदी तसेच. पडद्यातून येणारं ऊन त्यांच्या भुवयांवर पडलं होतं आणि त्या पांढऱ्या दिसत होत्या. आता त्या तशाही पांढऱ्याच आहेत, पिठाची गरज उरलेली नाही. पण मला क्षणभर काही कळेना. पायाखाली गार फरशी होती की गिरणीतली पिठाळ जमीन, बाहेर गाढी नदीवरचा रस्ता होता की थांब्यावरची धूळ, मी कुणाची आई होते की दप्तर घेऊन आलेली पोर. घर हळूहळू हलत होतं. खिडकीत एक विमान आवाज न करता खाली येत होतं, आणि तेही त्याच घरघरीच्या तालावर येत असावं असं वाटत होतं.

प्रमोदने मला खूण केली. आम्ही चौकट ओढली. तेलाने काम केलं होतं. गादी उलगडली, मी त्यांचे पाय उचलले, सुजलेले, टाचांना भेगा, बोटांच्या बेचक्यांत अजून कुठे कुठे पांढरं, आणि अलगद गादीवर ठेवले. ते हलले नाहीत.

मग माझ्या लक्षात आलं, मशीन थांबलं की ते उठणार. त्यांची आयुष्यभराची सवय होती. मशीनवरचा आकडा उतरत चालला होता. मी मीराला हळूच म्हणाले, कपाटातल्या चादरी आण.

"आई, या धुतलेल्या आहेत."

"परत धुवायच्यात."

"इस्त्री पण केली आहे."

"मीरा, आण."

पहिले कपडे निघाले न निघाले तोच चादरी गेल्या. चादरींनंतर पडदे. पडदे काढल्यावर ऊन थेट त्यांच्या तोंडावर आलं, तर प्रमोद सोफ्याच्या बाजूला टॉवेल धरून उभा राहिला, मोरपिसांचा पंखा धरल्यासारखा. मीरा तोंड दाबून हसत होती. शेवटी घरात धुवायला काही उरलं नाही. पाणी गळणारा सगळा ढीग बाल्कनीत. मी रिकाम्या मशीनचं झाकण लावलं आणि बटण दाबलं. ते पुन्हा घरघरायला लागलं. बाहेर ऊन पिवळं झालं, मग नारिंगी. गाडीची वेळ आली. मी हाक मारली नाही. गाडीची वेळ गेली.

मशीन थांबलं तेव्हा मी देवापुढे दिवा लावत होते. मागे हालचाल झाली नाही, पण मला कळलं की ते बघताहेत. मी वळले. अप्पांचे डोळे उघडे होते. ते आपल्या पायांकडे बघत होते, लांब पसरलेल्या, गादीवर ठेवलेल्या, कुणा दुसऱ्याचेच असावेत अशा.

"गाडी गेली?"

"गेली."

त्यांनी थांबलेल्या मशीनकडे पाहिलं. मग म्हणाले, "शेवटची खेप रिकामी होती न्हवं?"

माझ्या हातातली काडी विझली. "तुम्ही जागे होता?"

"आवाज पातळ झाला, जाग आली."

"मग उठला का नाहीत? गाडी मिळाली असती."

त्यांनी गादीवरून हात फिरवला. पीठ चाचपतात तसा, अंगठ्याने. "बसाया मिळालं हुतं," ते म्हणाले. "उठावंसं वाटंना."

प्रमोदने विषय सांभाळला. "बसा ना अप्पा. सकाळपर्यंत बसा."

"बसतो," अप्पा म्हणाले. "ह्यो मुक्काम न्हवं बरं का. बसलोयच मी." आणि जरा वेळाने, जेवणं वगैरे झाल्यावर, इकडे तिकडे बघत म्हणाले, "दक्षिण कुठल्या अंगाला?" मी दाखवली. त्यांनी उशी उचलून तिकडे ठेवली. उत्तरेला डोकं करून माणूस झोपत नाही. बसलेल्या माणसाला एरवी त्याची काय पंचाईत?

सकाळी मी चहा केला तेव्हा ते उठून बसले होते. सोफा मिटवलेला, चादरीची घडी कडेला. तो कसा मिटवायचा हे त्यांना कुणी दाखवलं नव्हतं. पायांची सूज उतरली होती. मी त्यांना थांब्यावर सोडायला गेले. गाडीत चढून ते खिडकीशी आले, आणि मी विचारायच्या आधीच म्हणाले, "मिळालं बसाया. जा तू, हापिसाला उशीर हुईल."

दोन दिवसांनी आईचा फोन आला. हसतच होती. "आगं, गिरणीत नुसतं एकच चाललंय ह्यांचं. सोफ्याखालनं खाट निघती, माणसाला कळत पण न्हाय. दळायला आलेल्या कमळाबाईनं इचारलं, जावायाकडं राहिला व्हय? तर म्हणले, न्हाय, रेखाच्या घरी."

रेखा म्हणजे मी. एवढा वेळ नाव सांगायचं राहूनच गेलं. दारावरच्या पाटीवर आहे ते.

तुमच्यातले जे निघून आले त्यांना विचारायचंय, तुमची कुठली गोष्ट अजून कानात घरघरते? आणि जे मागे राहिलेत त्यांना सांगायचंय, आम्ही इथे भिंती घेतल्या, पाट्या लावल्या, फर्निचर मोजून मापून आणलं. तरी घर झालंय की नाही, हे आमचं आम्हाला कळत नाही. कुणीतरी येऊन टेकावं लागतं. माझा बाप त्या संध्याकाळी जागा होता, गाडीची वेळ त्याला ठाऊक होती, आणि तो डोळे मिटून पडून राहिला. घर म्हणजे काय असं आता मला कुणी विचारलं, तर मी एवढंच सांगेन.